आपणहून सुटलेला दाणा

भालचंद्र खातूंच्या दुकानाला सहा फळ्या होत्या आणि त्या सहा फळ्यांचा एकच नियम होता. महिन्यातून दोनदा ज्याला गिऱ्हाईक येत नाही, तो माल फळीवर ठेवायचा नाही. चाळीस वर्षं कातळवाडीच्या तिठ्यावर त्यांनी हा नियम पाळला, म्हणून दुकान चाललं. आणि याच नियमामुळे त्यांच्या बायकोचा देवभात त्या फळ्यांवर कधी चढला नाही.

"वर्षातून एक दिवस खायची वस्तू," ते म्हणायचे. "उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ती काय माझ्याशी गप्पा मारत बसणार?"

हेमलता यावर काही बोलत नसे. तिचं बोलणं मुळातच कमी. सकाळी तुळशीला पाणी घालून जप पुरा होईपर्यंत तर मौनच असायचं, आणि नवऱ्याच्या बहुतेक विनोदांची वेळ नेमकी तीच असायची.

देवभात म्हणजे झोलाईच्या देवळामागच्या तळ्यात आपणहून उगवणारा भात. त्याला कुणी पेरत नाही, कुणी लावत नाही. पावसाळ्यात तळं कमरेइतकं भरलं की पाण्यातून हिरवी पाती वर येतात. दाणा तांबडा, टोकाला बोटभर लांब कुसळ. स्वभाव असा की पिकला रे पिकला की गळालाच. म्हणून दसऱ्याच्या सुमाराला, दाण्यात अजून दूध असतानाच पाण्यात उतरायचं आणि चार-चार लोंब्यांची जुडी बांधून ठेवायची. दिवाळी सरली की जुडीखाली सूप धरायचं आणि हलकेच झटकायचं. सुपात पडेल ते आपलं, पाण्यात पडेल ते तळ्याचं. हे हेमलताला तिच्या सासूनं सांगितलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं.

तो भात जपून ठेवायचा तो पुढच्या भाद्रपदातल्या ऋषीपंचमीसाठी. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगर फिरलेल्या जमिनीतलं काही नको. परसातलं अळू, माठ, वेलावरचा भोपळा, आणि मूठभर देवभात. वर्षभर जो आपल्यासाठी राबतो, त्याच्या कष्टाचा एक दिवस तरी आपल्या घशाखाली जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ, असं हेमलता मानायची.

गावातून बैल गेले आणि ट्रॅक्टर आले, तेव्हा बाकीच्या बायकांनी हे सोडूनच दिलं. "काकी, ट्रॅक्टर कुठं दमतो?" असं म्हणून त्या बाजारचा तांदूळ शिजवू लागल्या. तळ्यात उतरणारी एकटी हेमलता उरली. अडतीस वर्षांत तिचा एकही नेम चुकला नव्हता.

अशात ठाव आला, ऑनलाइन वस्तू शोधून देणारा.

तो आणला सायलीनं, म्हणजे त्यांच्या सुनेनं. मुलगा बोटीवर इंजिनिअर, सहा-सहा महिने समुद्रावर. सायलीचं काम घरबसल्या चालणारं, म्हणून ती पुण्याची जागा सोडून सासूसासऱ्यांकडे राहायला आली होती. दुकान तेव्हा बंद होऊन दोन वर्षं झाली होती. शहरातली सगळी दुकानं थेट हातातल्या पडद्यावरून दारात यायला लागल्यावर तिठ्यावरच्या दुकानात काडेपेटी घ्यायलाही कुणी येईना. फळ्या तेवढ्या ओटीवर आणून भिंतीला ठोकल्या होत्या, रिकाम्या.

"ज्यानं माझं दुकान बुडवलं त्याचं नाव माझ्या घरात नको," भालचंद्र म्हणाले.

"बाबा, त्यानं तुमचं दुकान बुडवलं. आईंचं उघडेल," सायली म्हणाली. "नीट ऐका. तुमच्या फळ्या सहा आणि गावात घरं तीनशे. देवभात मागणारं त्यात एखादंच. बरोबर?"

"बरोबर. म्हणून तर ठेवला नाही."

"पण जगभरात मराठी घरं किती? लाखात एकीला देवभात हवा असेल असं धरा. तरी शेकड्यांनी होतात. फक्त ती एका तिठ्यावर राहत नाहीत. ऑनलाइन दुकानाची फळी कधी संपतच नाही. तिथं वर्षातून एकदा खपणारी वस्तू वर्षभर बसून राहिली, तरी ती कुणाच्या साबणाची जागा अडवत नाही."

भालचंद्रांनी विचार केला. दुकानदार माणूस, हिशेब बरोबर असला की राग विसरायचा. "बरं. पण न संपणाऱ्या फळीवर सापडायचं कसं? मला माझ्या सहा फळ्यांवर जिरं सापडायचं नाही, तुझी सासू काढून द्यायची."

"ठाव म्हणजे तशीच सासू समजा."

पूर्वी वस्तूचं नाव ठाऊक असल्याशिवाय ती ऑनलाइन शोधता येत नसे. पण अशा वस्तूंना दर दहा मैलांवर वेगळं नाव. शिवाय लहानपणी एकदाच खाल्लेल्या पदार्थाचं नाव कुणाला आठवतं? आठवतो तो वास, तो सण, ते घर. ठावाला नाव लागत नाही. त्याला आठवण सांगायची. तो त्या आठवणीचं एक ठिकाण ठरवतो, नकाशावर गावाचं असतं तसं. हा नकाशा मात्र जमिनीचा नाही, अर्थाचा. सारख्या अर्थाच्या गोष्टी त्यात शेजारी-शेजारी येतात, मग शब्द किती का वेगळे असेनात. बनवणारा आपली वस्तू सांगतो, त्याचंही असंच एक ठिकाण होतं. जी दोन ठिकाणं एकमेकांजवळ आली, त्या दोन माणसांची ठाव गाठ घालून देतो. एक माणूस भोपाळात असो नाहीतर कातळवाडीत.

"हे म्हणजे लग्न जुळवण्यासारखं झालं," भालचंद्र म्हणाले.

"तसंच. फक्त पत्रिका खोटी नसते."

सायलीनं ठावाशी बोलायची छोटी चकती हेमलतासमोर पाटावर ठेवली. हेमलतानं आधी तिला हळदकुंकू वाहिलं. मग देवाशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाली, "झोलाईच्या तळ्यातला भात आहे. कुणी पेरलेला नाही, कुणी नांगरलेला नाही. ज्यांचा नेम आहे त्यांच्यासाठी."

अर्ध्या तासात भोपाळहून उत्तर आलं. शकुंतला बर्वे, वय एक्याऐंशी. "देवरुखजवळ आजोळी खाल्ला होता. नाव आठवेना. लाल भात, शिजताना तळ्याचा वास येणारा. अकरा वर्षं शोधतेय हो. मला तर वाटायला लागलं होतं की मला स्वप्नच पडलं असेल."

हेमलतानं ते उत्तर दोनदा ऐकलं. मग देवघरात जाऊन दिवा लावला. बाकीच्यांनी सोडल्यापासून ती त्या तळ्यात एकटी उतरत होती. आपल्यासारखं आणखी कुणी आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

पहिल्या वर्षी मागणारी एक्केचाळीस माणसं निघाली. सायलीनं कागदी पिशव्या आणल्या. माप ठरलं हेमलताची मूठ. एका माणसाला, एका दिवसाला तेवढा पुरे. पिशवीवर तिचेच शब्द छापले : कुणी पेरलेला नाही, कुणी नांगरलेला नाही. भरलेल्या पिशव्या ओटीवरच्या रिकाम्या फळ्यांवर ओळीनं बसल्या, तेव्हा भालचंद्र कितीतरी वेळ त्यांच्यासमोर उभे राहिले. मग फडकं आणून त्यांनी फळ्या पुसल्या. नेहमीच्या सवयीनं पिशव्यांची तोंडं एका बाजूला केली.

दुसऱ्या वर्षी दोनशे नव्वद. आणि तळं काही वाढलेलं नव्हतं. पाच पायल्या भात निघाला, तो सडून, पाखडून जेमतेम अडीचशे मुठी. चाळीस जणांना नाही म्हणावं लागलं. हेमलता प्रत्येकाशी स्वतः बोलली, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज आणखी खाली गेला. सगळ्या पिशव्या रवाना झाल्यावर भोपाळच्या शकूताईंचा निरोप आला. पाय मोडून इस्पितळात होत्या, म्हणून मागायचं राहून गेलं. "या वर्षी नाही तर नाही. पुढच्या वर्षी मी असले तर," असं त्या हसून म्हणाल्या.

हेमलतानं डबा उघडला. स्वतःसाठी ठेवलेली एकच मूठ त्यात होती. ती तिनं पिशवीत भरली.

ऋषीपंचमीला तिच्या ताटात अळू होतं, माठ होता, भोपळा होता. भाताची जागा तेवढी मोकळी. ती शांतपणे जेवली. भालचंद्रांनी ते पाहिलं. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही, हे सायलीच्या लक्षात आलं. पण तिला वाटलं, गुडघे दुखत असतील.

मधल्या दिवाळीचा भातही तेवढाच निघाला आणि मागणाऱ्यांत वाटून गेला. पुढचा ज्येष्ठ आला. पहिले पाऊस होऊन तळ्यात घोट्याइतकं पाणी जमलं आणि भालचंद्र रोज सकाळी, हेमलताचा जप चालू असताना, खेकड्यांची टोपली घेऊन बाहेर पडू लागले.

"कुर्ल्या धरायला जातो," ते सायलीला सांगत.

दोन तासांनी मांडीपर्यंत चिखल घेऊन परत येत. टोपली रिकामी. असं सलग आठ दिवस.

"बाबा, एक तरी कुर्ली?" सायलीनं विचारलं.

"हल्लीच्या कुर्ल्या फार हुशार झाल्यात."

हेमलतानं सुनेला बाजूला घेतलं. "त्यांना चिडवू नकोस गं. वय झालंय. आता हात वळत नाहीत पूर्वीसारखे." स्वतः ती शाकाहारी, नेमधर्माची. पण नवव्या दिवशी तिनं कोळणीला थांबवून चार मोठ्या कुर्ल्या घेतल्या. "सायली, तू कर. आणि सांग, तू धरल्यास म्हणून. नको. सांग, अंगणात आल्या होत्या." भालचंद्र त्या दिवशी मान खाली घालून जेवले. दर घासाला पाणी पीत होते. हेमलताला वाटलं, रस्सा तिखट झाला असावा.

त्या वर्षी मागणारे अकराशे झाले.

आणि तळंही तसंच भरून आलं! दसऱ्याला हेमलता जुड्या बांधायला उतरली तेव्हा काठापासून मधल्या शिळेपर्यंत नुसत्या लोंब्याच लोंब्या. काठाकडच्या लोंब्यांना कुसळ जरा आखूड वाटलं, पण डोळ्यांत पाणी आल्यावर कुसळ किती लांब हे कोण बघतं? तिनं पाण्यातूनच देवळाकडे हात जोडले. "पावलीस गं बाई."

दिवाळी झाली. द्वितीयेच्या दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन उतरली. काठावर भालचंद्र दगडावर बसले होते, सायली पोती घेऊन उभी. हेमलतानं पहिली जुडी झटकली. कुणी तोंड भरून बोलावं तसा दाणा सुपात बरसला. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. मग ती काठाकडे आली, जुडीखाली सूप धरलं, झटकलं.

काही पडलं नाही.

तिनं पुन्हा झटकलं. लोंब्या सळसळल्या, दाणा सुटेना. तिनं दोन बोटांनी एक दाणा ओढला. तो तुटून आला, देठाचा तुकडा घेऊन. पुढची जुडी, तशीच. त्याच्या पुढचीही.

"सायली," ती म्हणाली, "तुझं ते भिंग आण."

ठावानं गेल्याच वर्षी सगळ्या विकणाऱ्यांना एकेक भिंग दिलं होतं, माल खरा आहे की नाही हे ज्याचं त्याला बघता यावं म्हणून. सायलीनं दोन्हीकडचे दाणे तळहातावर घेतले आणि भिंग धरलं. पडद्यावर दाण्याचं बूड दिसलं, आंब्याएवढं मोठं होऊन.

भाताच्या दाण्याला बेंबी असते. देठापासून जिथं तो वेगळा होतो ती जागा. रानभाताच्या दाण्यात, तो पिकला की देठाशी एक पातळ पडदा आपोआप विरघळतो आणि दाणा सुटतो. म्हणून त्याची बेंबी गुळगुळीत, वाटीसारखी. माणसानं हजारो वर्षांपूर्वी शेती सुरू केली तेव्हा कापून घरी नेता आला तो न गळणारा भात. पुढच्या वर्षी तोच पेरला, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तोच. असं करत करत माणसाच्या भाताचा तो पडदा गेला. तो आता मळणीत झोडपल्याशिवाय सुटत नाही. त्याची बेंबी खरबरीत, फाटल्यासारखी.

मधल्या दाण्याची बेंबी गुळगुळीत होती. काठाकडच्या दाण्याची फाटकी.

"आई," सायली हळूच म्हणाली, "हा शेतातला भात आहे. तळ्यात कुणीतरी पेरलाय."

दोघींनी एकदमच काठाकडे पाहिलं. भालचंद्र दगडावरून उठले होते आणि अतिशय काळजीपूर्वक आकाश बघत होते.

"अहो," हेमलता म्हणाली.

"हं."

"कुर्ल्या धरत होतात ना?"

भालचंद्रांनी चपला काढल्या. धोतर वर खोचून ते पाण्यात उतरले, बायकोपासून चार हात लांब उभे राहिले. कबुली द्यायची तर एकाच पातळीवर उभं राहून द्यावी, असं त्यांना वाटलं असावं.

"चुलतभावाच्या कणगीतलं बी आणलं. तांबडंच बघून आणलं. बैल लावला नाही हो हेमा, देवाशप्पथ. ट्रॅक्टर लावला नाही. साधं फावडंसुद्धा नाही. पायानं चिखल केला आणि हातानं फेकलं. म्हटलं, व्रत बैलाच्या कष्टाचं आहे. माणसाच्या कष्टाचं खाऊ नये असं कुठं लिहिलंय?"

"आठ दिवस?"

"गुडघे चालेनात, म्हणून आठ लागले. नाहीतर तीन दिवसांचं काम."

"आणि का म्हणून?"

भालचंद्रांनी तोंड फिरवलं. "तुझं ताट," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळं बघितलं. चाळीस वर्षं दुकान चालवलं मी. माझ्या दारातून माल नाही म्हणून माणूस परत गेलं तर मला घास जात नसे. आणि तू स्वतःच्या ताटातला उचलून दिलास. म्हटलं, थोडा माल वाढवावा."

हेमलतानं सुपावर मान खाली घातली. सायलीला वाटलं, आता आई रडणार. पण हेमलता हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, अशी ती क्वचितच हसायची.

"मला वाटलं, म्हातारपणी कुर्ली धरवत नाही तुम्हाला," ती म्हणाली. "मी नवस बोलले होते त्यासाठी."

"कुर्लीसाठी?"

"मग काय करू? चार दिवस जेवला नव्हता धड!" आणि मग एकदम हसू थांबवून ती म्हणाली, "बैल लावला नाही म्हणता. जन्मभर या घरासाठी राबलेला बैल उतरवलात की तळ्यात. तुमच्या कष्टाचं खाल्लं तर माझं व्रत राहिलं कुठं?"

भालचंद्र वाकून धोतराची भिजलेली कड पिळू लागले.

सायली मात्र विचारात पडली होती. अकराशे माणसं वाट बघत होती. "आई, यातून मार्ग आहे," ती म्हणाली. "भिंगाला चाळणी जोडता येते. एकेक दाणा बघून रानातला वेगळा काढेल. खोटं काही नाही. अडीचशे मुठी निघतील, पहिल्या अडीचशे जणांना खरा देवभात जाईल. शकूताई यादीत पहिल्या आहेत."

हेमलताला ते पटलंही होतं. तिनं सूप पुढं धरलं होतं. मग ती थांबली. "त्या चकतीला एक विचार. हे दोन भात शेजारी उभे आहेत. तळ्याचं काय होईल?"

सायलीनं विचारलं. ठावाचं उत्तर तिनं वाचलं, आणि मग सासूला समजेल असं सांगितलं. रानभात आणि शेतभात एकमेकांचे भाऊबंद. शेजारी फुलले की वाऱ्यानं पराग इकडचा तिकडे जातो. थोडी सरमिसळ यंदा झालीच असणार. आता रानभात झटकून घरी नेला आणि शेतातला मागं राहिला, तर चिखलात बी पडेल ते त्याचं आणि मिश्र. चार-सहा वर्षांत तळ्यातला गळणारा भात संपेल. उलट यंदाचा सगळा रानदाणा पाण्यात पडू दिला आणि जे दाणे धरून राहतील ती रोपं मुळासकट उपटली, पुढची दोन-तीन वर्षं तसंच केलं, तर तळं स्वतःला सावरेल.

"म्हणजे ओळखायचं कसं, हेही तेच सांगतंय," हेमलता म्हणाली. "सुटलं ते तळ्याचं. धरून राहिलं ते आपलं."

"पण आई, सगळाच पडू दिला तर यंदा एकालाही नाही. शकूताईंनाही नाही. आणि तुमच्यासाठीही मूठभर राहणार नाही."

हेमलतानं सुपात पाहिलं. पहिल्या चार जुड्यांचा दाणा त्यात होता, लांब कुसळांचा, ओला, तांबूस. दोन ताटांपुरता सहज झाला असता. एक भोपाळचं, एक तिचं. तिनं डोळे मिटले. ओठ हलले. मग तिनं सूप पाण्यावर आडवं केलं. दाणे क्षणभर तरंगले, कुसळं वर करून, आणि एकेक करत बुडाले.

बांधलेल्या जुड्या तिघांनी मिळून सोडल्या. संध्याकाळी देवापुढे बसून हेमलतानं चकतीला निरोप सांगितला. सायली शब्द सुधारायला बसली होती, पण सुधारण्यासारखं काही नव्हतं.

"यंदा देवभात नाही. माझ्या घरातल्या माणसानं मायेपोटी तळ्यात भात पेरला, म्हणून तळ्याला त्याचं बी परत द्यावं लागलं. तुम्ही वाट पाहिलीत, त्याची मी अपराधी आहे. तुमच्या दाराशी जे आपणहून उगवतं, भिंतीलगतचा माठ, कुंपणावरचं काही, ते त्या दिवशी खा. व्रत त्याचंच आहे. भात हे निमित्त."

उत्तरं आली. काही रागावली. काहींनी नावं काढून घेतली. नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं, "तुमचे मिस्टर तळ्यात उतरले! आमचे स्वतःचं ताट उचलत नाहीत. त्यांना माझा नमस्कार सांगा." आणि तिसऱ्या दिवशी सायली हसत-हसत ओटीवर आली.

"बाबा, ऐका. ठावानं तुमच्या भाताचंही ठिकाण ठरवलंय. 'नवऱ्यानं बायकोसाठी लपूनछपून पेरलेला भात.' मागणारे किती असतील?"

"कोण मागणार?"

"तीनशे बारा."

भालचंद्र ताठ बसले. त्यांच्या डोळ्यांत जुना दुकानदार जागा झाला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. हेमलता वाती वळत होती. तिनं मान वर केली नाही. नुसती हलवली, उजवीकडून डावीकडे.

कार्तिक संपता संपता तळं मोकळं झालं. रानभात सगळा गळून रिकाम्या लोंब्या वाऱ्यावर हलत होत्या, आणि त्यांच्यात उठून दिसत होती ती भरल्या लोंब्यांची रोपं, अजून आपले दाणे घट्ट धरून उभी. नवरा-बायको दोघं पाण्यात उतरले. भालचंद्र उपटायचे, हेमलता भारा बांधायची. गुडघे दुखले की ते मधल्या शिळेवर बसत.

"चांगला पिकलाय मात्र," ते म्हणायचे.

"पिकणारच. आठ दिवसांच्या कुर्ल्या आहेत त्या."

शेवटचा भारा घरी आला, त्याच दिवशी भोपाळहून एक पुडकं आलं. आत गेल्या वर्षीची कागदी पिशवी, हेमलताच्याच मुठीची, अर्धी भरलेली. सोबत चिठ्ठी : "तुमचा भात मी अर्धाच शिजवला होता. म्हटलं, पुढच्या वर्षी मिळेल न मिळेल. अर्धा जपून ठेवला. आता कळलं की तो तुमच्या ताटातला होता. सायलीकडूनच हे काढून घेतलं मी. तेव्हा हा तुमचा. मला माझ्या खिडकीत उगवलेला माठ पुरे. शकू."

हेमलतानं ती पिशवी कपाळाला लावली. मग एका छोट्या बरणीत तो भात ओतला, झाकण घट्ट केलं आणि बरणी ओटीवरच्या पहिल्या फळीवर ठेवली. भालचंद्र बघत होते.

"वर्षातून एक दिवस," ते म्हणाले. "नियमात बसत नाही हं."

"तीनशे चौसष्ट दिवस गप्पा मारेल तुमच्याशी."

त्या दुपारी तिनं नवऱ्यानं पेरलेला भात शिजवला. झोडपला होता सायलीनं, सडला होता तिनं. लाल, जाडा, थोडा चिकट. त्याला तळ्याचा वास मात्र येत होता. तिनं दोन ताटं वाढली, एक त्यांचं, एक सुनेचं, आणि मग तिसरं स्वतःचं, तिघांत सगळ्यात जास्त भाताचं. भालचंद्रांचा हात पाण्याच्या भांड्याकडे गेला होता, तो तिथंच थांबला.

"अगो, हा बैलाच्या कष्टाचा आहे," ते म्हणाले.

"आज कुठं ऋषीपंचमी आहे?" हेमलता म्हणाली आणि तिनं पहिला घास घेतला.

जेवण झाल्यावर उरलेला तांदूळ तिनं मोठ्या डब्यात भरला आणि डबा छोट्या बरणीच्या शेजारी फळीवर सरकवला. भालचंद्रांनी उठून त्याचं तोंड सरळ केलं.

"याला महिन्यातून दोनदा गिऱ्हाईक येईल?" त्यांनी विचारलं.

"रोज येईल," ती म्हणाली. "एकच. पण रोज."